रस्ता नाही, म्हणून सुंदर?

पावसाळ्यातल्या रविवारी कर्जत लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतला प्रत्येक जण गर्दी नसलेली जागा शोधायला निघालेला असतो. जगभर सर्फिंग करणारे चांगल्या लाटेचा किनारा सापडला की त्याचं नाव लपवतात. आपण रीलखाली 'लोकेशन विचारू नका' असं लिहितो. भीती तीच, लोक आले की जागा बिघडेल.

कर्जत-खालापूरच्या डोंगरांत अशा जागी बहुतेक वेळा आधीच कुणीतरी राहत असतं. थोडी घरं, भाताची खाचरं, ठाकूर समाजाची वाडी. आपण तिथे ओटीवर बसून चहा पितो, पिठलं-भाकरी खातो आणि म्हणतो, "बरंय, इथवर गाडी येत नाही."

इर्शाळगडाच्या वाटेवर मीही हे म्हणालोय. वाटेतच इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. जेसीबी वर नेता येत नव्हता, हवा खराब असल्याने हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. लोक निसरड्या वाटेने चढून गेले आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसत राहिले. मदतीसाठी चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

रस्ता असता तरी दरड थांबली नसती, हे मान्य. पण मला जे 'बरं' वाटलं होतं, तेच त्या रात्री मदतीच्या आड आलं. आणि दरड नसतानाही ते रोज आड येतंच. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की बाईला झोळीत घालून खाली आणावं लागतं.

मग रस्ता झाला की प्रश्न सुटला? तसंही नाही. रस्त्यामागून जमिनीचे दलाल येतात, फार्महाऊस येतात. कालपर्यंत जो त्या जमिनीचा मालक होता, तो तिथेच वॉचमन होतो. म्हणजे जागा बिघडण्याची भीती खोटी नाही. पण बिघडणार कुणाचं, हे आपण विचारत नाही. आपला फक्त फोटो बिघडतो. संध्याकाळच्या लोकलने आपण घरी जातो, म्हणून रस्ता नसणं आपल्याला आवडू शकतं.

आपण जायचंच बंद केलं, तर चहा-जेवणाचे पैसेही बंद होतील. म्हणून जावं. पण दुसऱ्याच्या गैरसोयीला 'अनटच्ड' म्हणून मिरवू नये. रस्ता हवा की नको, हवा तर कुठून, हे वाडीने ठरवावं. उद्या त्यांनी रस्ता मागितला आणि आपल्या आवडत्या वाटेवर डांबर पडलं, तर हळहळ वाटेल. वाटू दे. ती हळहळ त्यांना ऐकवायची नाही, एवढं तरी आपल्याला जमायला हवं.