वामनदादांचा ठेका

दुःख खोल आणि आनंद उथळ, अशी एक समजूत मराठी वाङ्मयात मुरलेली आहे. कवीचे मूल गेले तर त्याने विलापिका लिहावी, काही काळ मौन पाळावे, फार तर झाडापाखरांकडे वळावे. शाहीर वामनदादा कर्डक या चौकटीत बसत नाहीत. समीक्षेने त्यांची दखल उशिरा घेतली, त्यामागे जातीइतकेच हेही कारण असावे असे मला वाटते. ढोलकीवर नाचायला लावणारा माणूस गंभीर असेल, हे आपल्याला चटकन पटत नाही.

जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. मुंबईत मिळेल ते काम. शिवडीच्या चाळीत कुणीतरी पत्र वाचायला पुढे केले आणि ते वाचता आले नाही; त्या शरमेतून देहलवी गुरुजींकडे अक्षरे गिरवली, मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचन पक्के केले. 1943 साली पहिले गाणे रचले, तेही विडंबन. पहिला संसार मोडला. मीरा ही लेक लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंशी दुसरा संसार झाला, पण घर म्हणाल तर ते गावोगावच्या कार्यक्रमांतच.

मग 6 डिसेंबर 1956 आला, बाबासाहेब आंबेडकर गेले. लेक गेली तेव्हा दुःख एकट्याचे होते. आता सगळी वस्तीच पोरकी झाली. पण दिनदर्शिका कुणासाठी थांबत नाही. पुढच्या 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती होतीच, आणि जयंतीला रडगाणे चालत नाही. पेटी-ढोलकी घेऊन बसलेल्या गायन पार्टीला नवे गाणे हवे, समोरच्या पोरांना ठेका हवा. शाहिराचे मन सावरले की नाही, हे विचारायला कुणाला सवड नसते. माझा मुद्दा एवढाच, की अशा माणसाला आनंद परत मिळतो तो आतून उमलून नव्हे. तो आधी दुसऱ्यांना द्यावा लागतो. समोरची माणसे टाळ्या धरतात तेव्हा त्यातला थोडा त्याच्या वाट्याला येतो.

रोह्याकडच्या माणसाला हे नवल वाटू नये. पेण-अलिबागच्या आगरी लग्नांत धवलारीण धवळे गाते. तिच्या घरात त्या वर्षी काय घडले, याचा मांडवाशी संबंध नसतो. हळद लागायची तर धवळा हवा. आणि आपला रायगड जिल्हा तर महाडचा. 20 मार्च 1927ला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. आजही मार्चमध्ये कोलाड नाक्यावरून महाडच्या दिशेने निळे झेंडे लावलेल्या गाड्या जातात. बाबासाहेबांच्या मृत्यूचे दुःख आणि तळ्याचा अभिमान एकाच गाडीत बसलेले असतात. त्यांना वेगळे करून दाखवा म्हटले तर जमणार नाही.

हा आनंद म्हणजे नुसता मुखवटा नाही का, असा प्रश्न येईल. थोडा असेलही. हजारो गाणी लिहिणाऱ्याची काही गाणी साच्यातली असणारच, आणि वामनदादांचीही आहेत. भक्तांनी रागावू नये. चित्रपटांसाठी त्यांनी उडत्या चालीची, चावट गाणीही लिहिली. पण ‘वाटचाल’, ‘मोहळ’ या संग्रहांतली चांगली गाणी मोठ्याने म्हणून पाहावीत. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो, संतांच्या नाममुद्रेसारखा. तोवर गर्दीचे असलेले गाणे तिथे एका माणसाचे होते. लेक गमावलेला, उशिरा अक्षर शिकलेला तो माणूस त्या कडव्यात स्वतःला हाक मारतो आणि लगेच पुन्हा ध्रुवपदात, म्हणजे लोकांत, मिसळतो.

15 मे 2004ला ते गेले. आता जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती असतात, आणि जुनी मंडळी कानांवर हात ठेवतात. मला त्या तक्रारीत फार दम वाटत नाही. वामनदादांनी तरी हिंदी सिनेमाच्या चाली कुठे सोडल्या होत्या? ज्या चालीवर पोरांचे पाय हलतात ती चाल उचलायची, हा तर त्यांचाच धडा. तक्रार करायचीच तर वेगळी करावी: त्या भिंतींतून वाजताना गाणे बहुतेकदा दोन कडव्यांतच उरकले जाते, आणि ‘वामन’ असतो शेवटच्या कडव्यात.