अंगठा कोणाचा?

राज्यशासनाच्या सेवेत असताना आमच्या टेबलावरून असंख्य अर्ज गेले. ज्यांना सही येत नसे त्यांच्या अंगठ्याच्या ठशाखाली एक ओळ लिहिण्याचा प्रघात होता : 'पढ़कर सुनाया, समझाया'. तिच्याखाली आमची सही. आज प्रांजळपणे कबूल केले पाहिजे की, त्यांपैकी फार थोडे कागद आम्ही खरोखर वाचून दाखविले होते. बाहेर रांग असे, आणि समोरच्या वृद्धाच्या चेहऱ्यावर असा विश्वास असे की, वाचण्याची गरजच भासू नये. त्यांची कामे झाली. तक्रार कोणी केली नाही. तरीही ती ओळ खोटी होती.

हे आठवण्यास कारण झाल्या आमच्या आत्याबाई. वय ८६, शासकीय कन्याशाळेतील निवृत्त शिक्षिका, इंदुरात आमच्याच घरी असतात. काही वर्षांपूर्वी त्यांचे बँकेचे खाते, आधार आणि दवाखान्यातील नोंद आम्ही सोयीसाठी आमच्या मोबाइल क्रमांकाशी जोडून टाकली. ओटीपी आमच्याकडे येई, आम्ही तो भरून मोकळे होत असू. हेतू शुद्ध होता. निदान आमची तशी समजूत होती.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षे व त्यावरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डाची योजना सुरू झाली. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तीत सोय आहे. शेजारच्या सूनबाई आत्याबाईंना कार्ड काढण्यास घेऊन गेल्या. उतारवयात बोटांवरच्या रेषा झिजतात. यंत्रावर ठसा उमटेना. ओटीपी मागविला, तो आला आमच्या फोनवर. आम्ही एका लग्नात होतो आणि फोन खिशात बंद! दोन तास बाकावर बसून दोघी परतल्या. आत्याबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अरे, मी कोण आहे हे आता तुलाच विचारून ठरवायचं का?"

या प्रश्नाने आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. १७८४ साली इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने प्रबोधन म्हणजे काय, यावर एक छोटा निबंध लिहिला. माणूस दुसऱ्याच्या आधारावाचून स्वतःची बुद्धी वापरण्याचे टाळतो, कारण अज्ञान राहणे सोयीचे असते, असे त्यात त्याने म्हटले आहे. आपला आहार ठरविणारा वैद्य त्याच्या उदाहरणांत आहे, हे विशेष. परंतु कांटचा रोख पालकत्व घेणाऱ्या दयाळू मंडळींवरही आहे. महाविद्यालयात हे वाचताना ती मंडळी म्हणजे राजे आणि धर्मगुरू, असे आम्ही गृहीत धरले होते. त्यांत पुतणेही मोडतात, हे उशिरा कळले.

दवाखान्यातही हाच प्रकार. डॉक्टर तरुण, सज्जन; पण प्रत्येक प्रश्न आमच्याकडे पाहून. "माताजी को चक्कर कब से आ रहे हैं?" आम्ही तत्परतेने सांगितले, "आठ दिवसांपासून." आत्याबाई बाजूच्या खुर्चीवर गप्प. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या की, चक्कर महिन्यापासून आहे आणि तीही फक्त अंथरुणातून उठताना. "मग सांगितलं का नाही?" "मला कोणी विचारलंच नाही." पुढच्या खेपेस त्या स्वतः बोलल्या. तेव्हा डॉक्टरांनी आधी निजवून व मग उभे करून रक्तदाब मोजला. उभे राहताच तो बराच उतरत होता; रक्तदाबाच्या गोळीची मात्रा कमी झाली आणि चक्करही. आमच्या मदतीने जे बिघडले असते, ते त्यांच्या दोन वाक्यांनी सावरले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. स्मृती ढळलेल्या, डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला "तुमचे तुम्ही करा" म्हणणे हे स्वातंत्र्य नव्हे, टाळाटाळ आहे. परदेशी गेलेली काही मुले फोनवरून असे स्वातंत्र्य उदारपणे वाटत असतात. तेव्हा कोणाच्या हातात किती ठेवावे, याचा एकच नियम सांगता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार मोजले आहेत. निरोप कोणाच्या फोनवर यावा, हे कायदा कसे सांगणार? ते घरातच ठरवावे लागते, आणि घरात घाई असते.

खरे सांगायचे तर अडचण आत्याबाईंची नव्हतीच. वडिलांच्या मोडी वह्या त्या वाचत, बालबोधीत शिकल्या, हिंदीत शिकविले. तीन वळणे पचविलेल्या बाईला काचेवरचे चौथे का जड जावे? जड आम्हाला जात होते. जे आम्ही दोन मिनिटांत करतो, ते त्यांना चाळीस मिनिटे करताना पाहात बसणे! एकदा आम्ही न राहवून त्यांच्या हातून फोन घेतला, तर म्हणाल्या, "मुलींची गणितं मीच सोडवून दिली असती, तर इन्स्पेक्टरनं माझा पगार कापला असता."

आता त्यांच्या उशाशी एक वही असते. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसणे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवणे, मोजताना न बोलणे, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. शेवटच्या पानावर लाल शाईत : 'पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. मागेल तो चोर.' खाली १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला त्यांनी घरीच, चेहरा दाखवून काढला. २०२१ पासून ही सोय आहे. तीनदा चेहरा ओळखला गेला नाही. चौथ्यांदा त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळविली आणि जमले. दाखल्याचा क्रमांक त्यांच्याच फोनवर आला. आधार केंद्रात जाऊन आम्ही त्यांचा क्रमांक जोडला आहे. बँकेतला मात्र अजून आमचाच आहे. दोनदा अर्ज आणला, दोनदा तो टेबलावरच राहिला. का राहिला, हे आत्याबाईंनी विचारलेले नाही. या सोमवारी तो त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायचा आहे. सही त्या स्वतः करतील.