देव्हाऱ्यातली चिठ्ठी

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. चौथीपर्यंतचे वर्ग, 14 मुलं, दोन शिक्षक. पावसाळ्यात पऱ्या भरला की मुलं साकवावरून येतात. फळ्याच्या वर साने गुरुजींची तसबीर आहे. ते याच जिल्ह्यातल्या पालगडचे. अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांची आजारपणं त्यांनी आईच्या मायेनं काढली, हे या शाळेतले गुरुजी दरवर्षी 24 डिसेंबरला मुलांना सांगत.

तिसरीत एक मुलगी होती. पुस्तक घडाघडा वाचायची, पण फळ्यावरचं उतरवून घ्यायची वेळ आली की शेजारणीच्या वहीत डोकवायची. गुरुजी रागवायचे, "स्वतःचं स्वतः लिही." ती मान खाली घालायची. वर्षअखेरीस तिच्या नावापुढे गुरुजींनी शेरा लिहिला : हुशार, पण आळशी.

जन्मल्यापासून ज्यानं अंधुकच पाहिलं, त्या मुलाला आपल्याला अंधुक दिसतं हे कळणार तरी कसं? त्याला वाटतं, फळा सगळ्यांनाच असा दिसतो, बाकीची आपल्याहून हुशार आहेत एवढंच. म्हणून ते तक्रार करत नाही. मोठ्या माणसानंच ते ओळखावं लागतं.

ओळखणारी माणसं त्याच वर्षी येऊन गेली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013मध्ये सुरू झाला, तेव्हापासून डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता यांचं पथक गाडीतून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतं. वजन, उंची, दात, छाती, डोळे, सगळं तपासतं. पथकानं भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि मुलीला एकेका डोळ्यावर हात ठेवायला सांगितला. उजवा डोळा झाकल्यावर ती म्हणाली, "काय दिसत नाय." डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी लिहिली. गुरुजींनी ती मुलीच्या दप्तरात घातली आणि रजिस्टरात नोंद केली : पालकांना कळवले.

वर्ष गेलं, मुलगी चौथीत आली. पथक पुन्हा आलं. तोच तक्ता, तेच उत्तर.

"गेल्या वर्षी हिला चिठ्ठी दिली होती ना?" मॅडमनी विचारलं.

गुरुजींनी रजिस्टर उघडून दाखवलं. तारीख होती, सही होती. मॅडमनी नोंद वाचली, मुलीकडे पाहिलं आणि काही न बोलता दुसरी चिठ्ठी लिहिली.

त्या संध्याकाळी गुरुजी मुलीच्या घरी गेले. बाप मुंबईला. रत्नागिरी जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत दर 1,000 पुरुषांमागे 1,100हून जास्त बायका होत्या, त्या आकड्यामागं अशीच घरं आहेत. आई काजूच्या कारखान्यात, यायला अंधार व्हायचा. घरात आजी होती. चिठ्ठीचं विचारताच ती देव्हाऱ्यापाशी गेली आणि टाकाखालून कागद काढून घेऊन आली. त्यावर हळदीकुंकवाचे डाग पडले होते.

"मना वाचाया येत नाय, गुरुजी. सरकारी कागद, हरवला तर पंचाईत. म्हणून देवापाशी ठेवला."

वर्षभर रोज तिनं त्या कागदाला हात जोडले होते. गुरुजी ओटीवर टेकले आणि त्यांनी ती चिठ्ठी पहिल्यांदा मोठ्यानं वाचली. मुलीला रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं आहे, तिथं तपासणी आणि उपचार फुकट आहेत, हे त्या घराला त्या दिवशी कळलं. फुकट तरी कसं म्हणायचं? एसटीचं भाडं, आईची बुडणारी मजुरी आणि 'सिव्हिल'मध्ये गेल्यावर कुणाला काय विचारायचं ही धास्ती, यांचा हिशेब चिठ्ठीत नव्हता.

"सोमवारी मी नेतो," गुरुजी म्हणाले. "आई आली तर बरंच. नाही आली तर आजी, तुम्ही चला."

आजी गेली. हातखंब्यापर्यंत मुलीनं खिडकी सोडली नाही. तपासणीला दोन तास लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं : दोन्ही डोळ्यांना लांबचं कमी दिसतं, त्यात डावा फारच अधू. डाव्याकडून धड चित्र पोचेना, तेव्हा मेंदूनं त्याचं ऐकणंच सोडलं. आता चष्मा लावायचा आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीनं झाकायचा, म्हणजे डाव्याला काम करावं लागेल. फायदा होईल. पण हे जितक्या लहान वयात, तितकं चांगलं.

"याला आळशी डोळा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "वर्षभर आधी आणायला हवी होती."

गुरुजींनी मान खाली घातली.

चष्मा पंधरा दिवसांनी मिळणार होता. परतताना तिघं स्टँडवर उभी राहिली. एक गाडी फलाटाला लागली, पाटी समोरच होती. मुलीनं शेजारच्या बाईचा पदर हळूच ओढला आणि विचारलं, "ही देवरुखला जाते काय?" बाईनं हो म्हटल्यावर ती धावत गुरुजींना सांगायला आली. वर्गात शेजारणीच्या वहीत डोकवायची, तशीच. विचारून, कानोसा घेऊन, दुसऱ्याच्या नजरेनं एवढीशी पोर आपलं जग चालवत आली होती, आणि त्यालाच गुरुजींनी आळस म्हटलं होतं.

घरी पोचायला रात्र झाली. गुरुजी जेवायला बसले नाहीत. त्यांनी रजिस्टर काढलं. गेल्या वर्षीच्या पानावर 'पालकांना कळवले' हे शब्द आणखी तीन नावांपुढे होते, त्यांच्याच वळणदार अक्षरात. एकाचे दात, एकीचा कान. तिसऱ्या नावापुढे लिहिलं होतं : हृदयाचे ठोके, पुढील तपासणी.

तो मुलगा दुसरीतला. खेळाच्या तासाला लवकर दमतो म्हणून गुरुजी त्याला बाकड्यावर बसवून ठेवत.

घर पऱ्यापलीकडं होतं. गुरुजींनी बॅटरी घेतली, चपला पायात सरकवल्या आणि साकवाच्या दिशेनं चालू लागले. पलीकडच्या पडवीत अजून दिवा दिसत होता.