पाहिलेलं, ऐकलेलं, शंका आलेलं

आमच्या विद्यापीठामागच्या डोंगरात जी लेणी आहेत, त्यांतल्या सातव्या लेण्यात दाराशेजारी अवलोकितेश्वराचं मोठं शिल्प आहे. मधे तो उभा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार चौकटी. एकीकडे आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या आणि बुडणारं जहाज. दुसरीकडे सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. सहाव्या शतकात या डोंगराखालून तांडे घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला ज्या आठ गोष्टींची धास्ती वाटायची, त्यांची ही यादी. माझी सगळी नोकरी चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर म्हणून झाली. आग, गॅसगळती, विजेचा धक्का, उंचावरून पडणं अशी एक यादी माझ्याही टेबलाच्या काचेखाली असायची. म्हणून हे शिल्प मला कधी परकं वाटलं नाही.

मात्र त्याच्यासमोर उभं राहिलं की एक प्रश्न दर वेळी छळतो. अवलोकितेश्वर म्हणजे मूर्तिमंत करुणा. पण नुसत्या करुणेनं माणूस वाचतो का?

सांडपाण्याच्या टाकीत माणसं कशी मरतात ते सांगतो. टाकी साफ करायला एक जण उतरतो. तळाचा गाळ ढवळला जातो आणि हायड्रोजन सल्फाइड वर येतो. हा वायू थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास मारतो, फार झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच मारून टाकतो. त्यामुळे वास गेला, म्हणजे वायू गेला असं आतल्या माणसाला वाटतं, आणि तो कोसळतो. वरचा सोबती हे बघून क्षणाचाही विचार न करता खाली उडी घेतो. त्याच्यामागे तिसरा. बाहेर तिघांचे मृतदेह काढावे लागतात. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाच्या करुणेत काय कमी होतं? काहीच नाही. स्वतःचा जीव द्यायला निघाले होते ते. त्यांना फक्त एवढं कुणी शिकवलं नव्हतं, की आधी हवा तपासायची, ब्लोअर लावायचा आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणालाही उतरू द्यायचं नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये प्रज्ञा आणि करुणा या दोन्हींना धम्माची कोनशिला मानलं. मिलिंद महाविद्यालयात शिकत असताना मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला टाकीच्या काठावर उभं राहून कळला. तिबेट-चीनकडे याच अवलोकितेश्वराला हजार हात देतात आणि प्रत्येक तळहातावर एक डोळा कोरतात. मदतीला धावणाऱ्या हाताला दिसलंही पाहिजे, हे त्या कारागिरांनी नेमकं ओळखलं होतं.

आता हा डोळा येतो कुठून? पुस्तकातून थोडा येतो, कायद्यातून थोडा. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, त्यानंतर आराखडे आले, प्रशिक्षणं आली, ती चांगलीच झाली. पण खरं ज्ञान त्या माणसांकडे असतं, जी एकदा त्यातून गेलेली असतात किंवा थोडक्यात वाचलेली असतात. आणि ती माणसं गप्प असतात. माझ्या मते धर्माचा प्रश्न इथेच आहे. संकटात मिळालेलं ज्ञान माझं खाजगी आहे का? मी ते सांगितलं नाही, तर ते पाप आहे का?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावास एकत्र घालवायचं ठरवलं. भांडणतंटा नको म्हणून त्यांनी आपसात बोलायचंच नाही असा नेम केला. भिक्षेहून आधी परतलेल्यानं आसनं मांडायची, मागून आलेल्यानं जागा झाडायची, पाण्याचा माठ रिकामा दिसला तर हाताच्या खुणेनं दुसऱ्याला बोलवायचं. तीन महिने सगळं सुरळीत पार पडलं. मग ते श्रावस्तीला जाऊन मोठ्या समाधानानं बुद्धांना म्हणाले, आम्ही सलोख्यानं आणि सुखानं राहिलो. बुद्धांनी शाबासकी दिली नाही. गुराढोरांसारखे एका गोठ्यात राहिलात आणि त्याला सुख म्हणता, या अर्थाचं ते बोलले. आणि त्यांनी पवारणा सुरू केली.

पवारणेत काय होतं? वर्षावासाच्या शेवटी संघ जमतो. सर्वांत ज्येष्ठ भिक्षू आधी उकिडवा बसतो, हात जोडतो आणि संघाला विनंती करतो, की माझ्याबाबतीत काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, काही शंका आली असेल, तर माझ्यावर करुणा करून सांगा. चूक दिसली तर मी ती सुधारीन. हे तीनदा. मग त्याच्या खालचा, असं करत सर्वांत नवखा.

यातला प्रत्येक तपशील मला मोलाचा वाटतो. सुरुवात ज्येष्ठापासून होते, कारण धाकट्यानं आधी तोंड उघडावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. दाखवून देणं हीच तिथे करुणा आहे. चूक सांगणारा माणूस शत्रू ठरत नाही. आणि पाहिलेल्या-ऐकलेल्याच्या जोडीला शंकेलाही जागा आहे. पुरावा आणा, मग बोला, असं संघ म्हणत नाही. ज्यांनी कारखान्यात काम केलं आहे त्यांना ठाऊक आहे की अपघाताआधी पुरावा कधीच नसतो. असते ती फक्त शंका. आमच्याकडे तिच्यासाठी ‘निअर मिस’चं रजिस्टर असतं: होता होता टळलेल्या अपघाताची नोंद. कित्येक ठिकाणी मी ते कोरं पाहिलं आहे, आणि त्याच गेटवर ‘शून्य अपघात’ असा फलकही पाहिला आहे. कोसलातला तो मुका सलोखा तो हाच.

एका कारखान्यात मी ही पवारणा करून पाहिली. मॉक ड्रिल झालं, सगळे असेंब्ली पॉइंटवर लिंबाखाली जमले, हजेरी झाली. एरवी इथे टाळ्या वाजतात आणि चहा येतो. मी प्लँट मॅनेजरना आधीच पटवून ठेवलं होतं. ते पुढे झाले आणि म्हणाले, “माझ्या कामात तुम्हाला काय धोक्याचं वाटतं ते मला सांगा. नाव लिहून घेणार नाही.” बराच वेळ कुणी बोलेना. सुपरवायझर बुटाकडे बघत होते. मग पॅकिंगमधल्या एक कंत्राटी मावशी पदर सावरत म्हणाल्या, “साहेब, मागच्या शटरला रातच्याला भायेरून कुलूप असतंय. माल जातो म्हनून.”

आमची सगळी ड्रिल दिवसा व्हायची. दिवसा ते शटर उघडंच असे. मॅनेजर तिथून तडक मावशींबरोबर मागे गेले. कडीला तेल लागून काळी झालेली जागा होती, कुलूप रोज घासून चकचकीत झालेलं. किल्ली कुठे? मेन गेटवर सिक्युरिटीच्या खिळ्याला, म्हणजे शेडचं दुसरं टोक आणि वर अख्खं पार्किंग ओलांडून. रात्रपाळीला आत पुठ्ठ्याचे गठ्ठे, थर्मोकोल आणि माणसं. मी मावशींना विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “माझ्या बहिनीचा पोरगा सिक्युरिटीला हाय. त्याच्यावरच आलं असतं.”

पुढच्याच आठवड्यात तिथे आतून ढकललं की उघडणारा दरवाजा बसला. पोराची नोकरी शाबूत राहिली. कुलपाचा हुकूम त्याचा नव्हताच. मला मात्र मावशींचं ते वाक्य पुढे अनेक चौकश्यांच्या वेळी आठवत राहिलं. आपल्याकडे जीव वाचवणारं ज्ञान बहुतेक वेळा अशाच नात्यागोत्याच्या आणि पोटापाण्याच्या भीतीखाली दबलेलं असतं.

आमच्या शहराला हे १९९३ साली फार कडू रीतीनं कळायला हवं होतं. २६ एप्रिलच्या दुपारी चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीच्या पुढे बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांत अडकून कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचं निघालं, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचंही. यातलं दुसरं मला जास्त लागतं. त्या रस्त्यानं रोज ट्रक जात होते, रोज विमानं उडत होती. डोक्यावरून इतक्या खालून जाणारं विमान बघून एकाही ड्रायव्हरच्या, गुराख्याच्या, कर्मचाऱ्याच्या मनात शंका आली नसेल? आली असेल तर ती सांगायची कुठे?

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर धाब्याच्या मातीचं ओझं, यांखाली लातूर-उस्मानाबादची हजारो माणसं झोपेतच गेली. पण या आपत्तीची पुढची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मराठवाड्यानं अभिमानानं सांगावी अशी आहे. घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहाय्यक म्हणून उभं केलं. भिंतीत आरपार जाणारा दगड का घालायचा, कोपरे कसे बांधून घ्यायचे, अनुदानाचा हप्ता कोणत्या टप्प्यावर मिळतो, हे या बायका शिकल्या आणि गवंड्यांना जाब विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा यांच्यातल्या बायका तिकडे गेल्या. त्सुनामीनंतर हाच अनुभव तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही पोचला. भाषा येत नव्हती. पण ढिगाऱ्यापुढे बसलेल्या बाईशी काय बोलायचं, ते त्यांच्याइतकं कुणाला येणार होतं?

किसा गोतमीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती, जिथे कुणी मेलं नाही अशा घरची मोहरी मागत दारोदार फिरली आणि मृत्यू सगळ्यांचाच आहे हे समजून शांत झाली. मला वाटतं लातूरच्या या बायका त्याच वाटेनं एक दार पुढे गेल्या. दुःख सगळ्यांचं आहे हे कळल्यावर त्या थांबल्या नाहीत. पुढच्या घरची भिंत पडू नये म्हणून काय करायचं, ते सांगायला निघाल्या. ज्ञान सांगणं हे कर्तव्य आहे का, या माझ्या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर मला ग्रंथांत मिळालेलं नाही.

आता अवघड भाग. हल्ली मी स्वयंसेवकांचे वर्ग घेतो. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले ६ कामगार गेले, त्यानंतरच्या एका वर्गात मी पवारणेबद्दल बोललो. एका मुलीनं हात वर केला. “सर, समजा कुठे कुलपामुळे माणसं मेली. कुलूप लावायला सांगणाऱ्यालाही करुणेनं सोडून द्यायचं का?” तिचा आवाज थरथरत होता, आणि तिचं बरोबर होतं. मेलेल्यांच्या घरच्यांना धडे नको असतात, न्याय हवा असतो. सगळं उघड बोला, कुणाला काही होणार नाही, असं त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती नाही.

मी तिला विनयातलंच उत्तर दिलं. बहुतेक दोष कबूल केले की धुतले जातात. पण चार दोषांना परतीची वाट नाही, आणि जाणूनबुजून माणसाचा जीव घेणं त्यांत आहे. मधल्या, गंभीर दोषांसाठी एक नियम आहे, ज्याच्यापुढे मी आजही थक्क होतो. दोष ज्या दिवशी घडला त्याच दिवशी सांगितला तर प्रायश्चित्त कमी. लपवला, तर जितके दिवस लपवला तितके दिवस परिवासाची वेगळी शिक्षा. शिक्षा मोजायचं माप म्हणजे लपवलेले दिवस. आपल्या चौकश्यांत हे माप आलं तर मावशींच्या भाच्याला बोलायला भीती उरणार नाही, आणि तक्रार फाइलीत दाबून बसलेल्या साहेबाला प्रत्येक दिवस महाग पडेल.

मुलीनं विचारलं, “पण सर, दिवस मोजणार कोण?” त्या वर्गात मला याचं पुरतं उत्तर देता आलं नाही.

नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे. २००३ च्या सिंहस्थात तिथल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्या दिवशी अरुंद गल्लीत उभे असलेले शिपाई आणि होमगार्ड आता निवृत्तीला आले आहेत, काही होऊनही गेले. गर्दी कोणत्या क्षणी माणसांची उरत नाही आणि पाण्यासारखी ढकलू लागते, हे त्यांच्या खांद्यांना माहीत आहे. त्यांना बोलावून, चहा पाजून, वेळ देऊन विचारायला हवं, आणि विचारायला सर्वांत मोठ्या हुद्द्याच्या माणसानं जायला हवं.

आमच्या विहारात आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. यंदा त्या संध्याकाळी मी काही माणसांना बोलावलं आहे: निवृत्त फायरमन, अपघात विभागात आयुष्य घालवलेल्या सिस्टर, वाळूजचे दोन-तीन सेफ्टी ऑफिसर, आणि त्या मावशी. वयानं सर्वांत मोठा मी आहे, तेव्हा आधी मी विचारणार.