शत्रुशेष

ऋण, अग्नी, व्याधी आणि शत्रू यांचा शेष ठेवू नये, ही शिकवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे; आणि ती खोटी आहे असे कोण म्हणेल? राहिलेले ऋण व्याजाने वाढते, राखेखालची ठिणगी वाऱ्याने चेतते, अर्धवट बरा झालेला ज्वर उलटतो. आमच्या कचेरीत तर मार्चअखेर टेबलावर एकही देयक शिल्लक राहू नये, म्हणून रात्री दहा-दहा वाजेपर्यंत दिवे जळत असतात. निःशेष करणे हाच कर्तव्याचा शेवट, असे आम्हीही आजवर मानीत आलो. परंतु गेल्या तीन वर्षांत आमच्या घरी मुक्कामास आलेल्या एका दुखण्याने, आणि त्यापायी आम्हांस कराव्या लागलेल्या वाचनाने, व्याधीच्या बाबतीत तरी या शिकवणीस एक अपवाद असावा की काय, असा संशय आमच्या मनात उत्पन्न केला आहे. जो शत्रू मारता येतो त्यास जाणूनबुजून जिवंत ठेवणे कधी धर्म्य ठरू शकेल काय, असा तो प्रश्न आहे.

दुखणे कर्करोगाचे आहे. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, साताऱ्याकडचे शेतकरी. शेत आमच्या धाकट्या भावाकडे सोपवून ते दिल्लीस आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहावयास आले ते लघवीच्या तक्रारीमुळे. आणि तपासणीअंती प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला असल्याचे निदान झाले. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झाले. पी. एस. ए. नावाची रक्ताची एक तपासणी असते. तिच्या अंकावरून रोगाच्या चढउताराचा अदमास घेतात. तो अंक झरझर उतरला तेव्हा आम्ही घरी पेढे आणले. दीड वर्षानंतर तोच अंक पुन्हा चढू लागला, तेव्हा त्या पेढ्यांची आठवण होऊन आम्हांस स्वतःचीच लाज वाटली. मग दुसरे औषध आले, अबिराटेरोन. अंक पुन्हा उतरला. या वेळी पेढे आणले नाहीत.

औषध तेच, मात्रा तीच, रोगी तोच. मग चालणारे औषध चालेनासे का होते? पदवी आम्ही वनस्पतिशास्त्राची घेतली आणि पोट मात्र देयकांवर भरले, तरी जुन्या विद्येचा थोडा अंश अंगात राहिलेला असतो. तेवढ्या आधारावर आम्ही वाचावयास बसलो.

या कथेचा आरंभ बॉस्टनमध्ये होतो. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या सोळा बालकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ॲमिनॉप्टेरिन या औषधाने त्यांपैकी दहा मुले सुधारली. (ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिची सूत्रे आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते.) खाटेला खिळलेली मुले उठून खेळू लागली, आणि काही महिन्यांनी रोग परतला. परतला तो त्या औषधास न जुमानणारा होऊन परतला. हे कसे घडते याचे उत्तर खरे पाहता त्यापूर्वीच, १९४३ साली, लुरिया आणि डेलब्रुक यांनी जीवाणूंवरील प्रयोगांतून दिलेले होते. विषाणूच्या हल्ल्यातून वाचणारे जीवाणू हल्ल्यामुळे तसे बनत नाहीत. हल्ला होण्यापूर्वीच त्यांच्यांत मूठभर तसे असतात. कर्करोगाचेही बहुतांशी असेच आहे. एक सेंटिमीटर रुंदीच्या गाठीत शंभर कोटींच्या घरात पेशी असतात म्हणतात. इतक्या मोठ्या वस्तीत एखाद्या औषधास दाद न देणाऱ्या दहा-वीस पेशी आधीच असल्या तर नवल ते कोणते? औषध त्यांना निर्माण करीत नाही. ते फक्त त्यांच्या शेजाऱ्यांना मारून त्यांच्यासाठी मैदान मोकळे करून देते.

यावरचा पहिला तोडगा क्षयरोगावरून सुचला. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला क्षयाचे जंतू सरावतात, परंतु दोन-तीन औषधे एकत्र दिली तर एकाच वेळी सर्वांना पुरून उरणारा जंतू विरळा. अमेरिकेत फ्राय आणि फ्रायराइक यांनी १९६० नंतरच्या पहिल्याच वर्षांत बालकांच्या रक्तकर्करोगावर चार औषधांचा एकदम मारा केला. तो मारा भयंकर होता, मुले त्यात मरणाच्या दारापर्यंत जाऊन येत, आणि त्याबद्दल त्या दोघांना पुष्कळ बोल सोसावे लागले. पण आज संपन्न देशांत अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ वाचतात, याचे मूळ त्या निष्ठुर वाटणाऱ्या धाडसात आहे. शेष न ठेवण्याची आपली शिकवण येथे अक्षरशः खरी ठरली. हे आम्ही मुद्दाम आधी सांगत आहो. कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते ऐकून कोणी असे समजू नये की संयम हा प्रत्येक रोगातील सद्‌गुण आहे. जेथे मूळ उपटता येते तेथे हात आखडणे हे पापच होय.

परंतु या यशाची भूल पडली. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेने कायदा करून कर्करोगाविरुद्ध जणू युद्ध पुकारले, आणि युद्धाची भाषाच उपचारांची भाषा झाली. सोसेल तेवढी अधिकात अधिक मात्रा, आणि रोग वाढेपर्यंत ती अखंड! शरीरभर पसरलेल्या बहुतेक घन गाठींनी मात्र या डावपेचांस दाद दिली नाही. एक औषध फसले की दुसरे आणावे, आणि गाठीने त्यावरही तोड काढावी. रक्ताच्या एका जातीच्या कर्करोगावर इमॅटिनिब हे नेमका नेम धरणारे औषध २००१ साली मान्य झाले, आणि त्याला चुकविणारा पेशींमधील फेरफार त्याच वर्षी नोंदला गेला. त्यांतील सर्वांत चिवट फेरफारावर चालेल असे पोनॅटिनिब मान्यता पावेपर्यंत २०१२ साल उजाडले. या शोधांनी असंख्य माणसे जगली, त्यांना आम्ही कमी लेखीत नाही. पण प्रत्येक कुलुपाला नवी किल्ली घडवीत बसणे, आणि कुलुपे आपोआप बदलत राहणे, हा खेळ किती काळ चालावा?

अशा वेळी फ्लोरिडातील टॅम्पा येथील मॉफिट कर्करोग केंद्रातले रॉबर्ट गेटनबी यांनी २००९ साली एक विपरीत वाटणारा विचार मांडला. त्यांनी दाखला दिला तो रणांगणाचा नव्हे, शेताचा. कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग पडतो. जावा बेटावर या किडीने डी. डी. टी. ला दाद देणे सोडले ते १९५३ साली, आणि तेव्हापासून माणसाने आणलेले जवळजवळ प्रत्येक विष तिने पचविले. शेतीशास्त्र त्यातून एवढे शिकले की, समूळ नाश साधत नसेल तर त्याचा हट्ट सोडावा. कीड नुकसानीच्या मर्यादेखाली राहील एवढेच फवारावे. गेटनबी म्हणाले, जो पसरलेला कर्करोग बरा होणारच नाही असे आपणास ठाऊक आहे तेथे हेच का करू नये?

यामागचे गणित असे आहे. औषधाला तोंड देणाऱ्या पेशीला त्या सामर्थ्याची किंमत मोजावी लागते. विष बाहेर फेकणारे पंप चालविण्यात तिची शक्ती खर्ची पडते. औषध नसेल तेव्हा ती साध्या पेशींपुढे मागे पडते. तेव्हा साध्या, औषधाने मरणाऱ्या पेशी सर्वच मारून टाकणे म्हणजे निगरगट्ट पेशींच्या डोक्यावरचा दाब काढून घेणे होय. त्यापेक्षा गाठ थोडी आक्रसली की औषध थांबवावे, साध्या पेशींना पुन्हा वाढू द्यावे, आणि पूर्वीच्या मापास पोहोचली की औषध पुन्हा द्यावे. आबांच्याच जातीच्या रोग्यांवर, अबिराटेरोन हेच औषध घेऊन, मॉफिटमध्ये हा प्रयोग झाला. पी. एस. ए. निम्म्यावर आला की औषध बंद. मूळ अंकावर गेला की सुरू. २०१७ साली अकरा रोग्यांचा पहिला वृत्तांत आला. त्यांना नेहमीच्या मानाने निम्म्याहूनही थोडे कमी औषध लागले होते. २०२२ च्या वृत्तांतात असे सतरा रोगी होते, आणि तुलनेस अखंड औषध घेणारे सोळा. रोग पुन्हा उसळेपर्यंतचा मध्यम काळ अखंड औषध घेणाऱ्यांत १४.३ महिने, तर थांबत थांबत घेणाऱ्यांत ३३.५ महिने, आयुष्याचा मध्यम काळ ३१.३ विरुद्ध ५८.५ महिने.

हे आकडे वाचून त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, हे कबूल करतो. पण आकडे तपासण्याचीच नोकरी असल्यामुळे सकाळी त्यांतील उणेही दिसले. दोन्ही गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि माणसे सारी मिळून तेहतीस. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या पुढे हाती घेण्यात आल्या त्या यासाठीच. शिवाय जिवंत ठेवलेली गाठ स्वस्थ बसेलच कशावरून? वाढू दिलेल्या पेशींतूनच एखादी नवी, अधिक दुष्ट जात निपजली तर? आणखी एक शंका मनात येते ती येथेच नोंदवितो: आपले औषध निम्मेच खपावे यासाठी पदरचा पैसा कोणता कारखानदार घालील?

आम्ही डॉक्टरांस विचारले. गृहस्थ सज्जन, उतावीळ मुळीच नव्हते. ते म्हणाले, चालू असलेले औषध चाचणीबाहेर केवळ माझ्या जबाबदारीवर मी थांबवू शकत नाही. त्यांचे चुकले असे आम्हांस वाटत नाही, आणि कोणी घरच्या घरी गोळ्यांत फेरफार करावा असेही आम्ही सुचवीत नाही. परंतु त्यांच्या उत्तरात नीतीची एक जुनीच गाठ आहे, आणि ती कचेरीतील माणसास चटकन उमगते. नियमाप्रमाणे कृती केली आणि वाटोळे झाले, तर कोणी खुलासा मागत नाही. थांबलो आणि वाटोळे झाले, तर मात्र स्पष्टीकरण द्यावे लागते. औषध अखंड देत असता निगरगट्ट पेशी माजल्या तर तो रोगाचा दोष. औषध थांबविले असता रोग वाढला तर तो डॉक्टरांचा दोष. फळ एकच, पण एकाचा भार दैवावर आणि दुसऱ्याचा माणसावर. आम्हांस वाटते की हा न्याय वरवरचा आहे. मैदान मोकळे करून देणे हीही कृतीच आहे. तिच्यामागे नियमाचे पाठबळ असते एवढ्यामुळे ती निर्दोष कशी ठरावी?

हे सारे आम्ही मोठ्या आवेशाने बोललो असू. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्या वडिलांना ठाऊक आहे का, की हा रोग बरा होणारा नाही?"

आम्ही गप्प झालो. आबांना आम्ही सांगितले होते ते एवढेच की ग्रंथीला सूज आहे. कर्करोग हा शब्द घरात उच्चारावयाचा नाही असा आम्ही नवराबायकोने आणि गावाकडच्या भावाने निर्बंध करून घेतला होता. त्यात माया होती. आणि खरे सांगावयाचे तर आमची सोयही होती. त्या एका प्रश्नाने आमच्या ध्यानात आले की ज्या उपचाराची आम्ही इतकी तरफदारी करीत होतो त्याची पहिली अटच आम्ही मोडलेली आहे. संहाराचा उपचार रोग्याला अंधारात ठेवूनही करता येतो; गोळी गिळली म्हणजे झाले. परंतु अंक वाढत असता शांत बसावयाचे, वाढू द्यावयाचे, मग पुन्हा गोळी घ्यावयाची, हे ज्याला करावयाचे त्याला शत्रू आत आहे आणि राहणार आहे, हे ठाऊक असलेच पाहिजे. ज्याच्या देहात तह व्हावयाचा त्यालाच न विचारता तहाच्या अटी आम्ही कोण ठरविणार?

त्या रविवारी भाजीच्या पिशवीतून कोबीचा गड्डा निघाला. पानाला भोके होती. सौ. कुरकुरली. आबा खाटेवरून म्हणाले, "भोकं असली म्हणजे बरं असतंय. फार फवारलेला नसतुया."

आम्ही त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्यांच्या कोबीच्या दिवसांविषयी विचारले. "चार वर्सं दर आठ दिसाला फवारलं," ते म्हणाले. "पैल्या साली अळी पटापटा गळायची. दुसऱ्या साली एका पंपात दोन औषधं घातली. चौथ्या साली पंप पाठीवर नि अळी गड्ड्यात. मग फवारा कमी केला, पंचवीस वळींमागं दोन वळी मोहरी लावली. अळी मोहरीवर जायची, जाऊ दिली. गड्ड्याला चार भोकं पडली, पर कोबी बाजारात गेला." मोहरीची युक्ती आणि गेटनबींचा विचार एकच नव्हेत, हे आम्हांस कळत होते, तरी आम्ही काही बोललो नाही. थोडा वेळ गेला. मग आबा आमच्याकडे न पाहता म्हणाले, "माझंबी तसंच हाय न्हवं? औषध चाललंय, पर ती आत हाय."

आम्ही "हो" म्हणालो. तीन वर्षे गिळलेला शब्दही सांगितला. त्यांना तो आधीच ठाऊक होता. इस्पितळाच्या दारावरची पाटी त्यांना वाचता येत होती, एवढे आमच्या लक्षात कसे आले नाही कोण जाणे. मग आम्ही त्यांना मॉफिटच्या प्रयोगाविषयी सांगितले, त्यातील उणेही सांगितले, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितले. त्यांनी एकच विचारले, "थांबवायचं कवा नि सुरू करायचं कवा, ते कशावरनं ठरत्यात?"

"रक्ताच्या अंकावरून."

"मंग ती वही मला दाव की."

अंकांची वही आजवर आमच्या कपाटात, पगाराच्या कागदांखाली असे. ती काढून दिली. आबांनी चष्मा लावला, पहिल्या पानापासून बोट फिरवीत सारे अंक वाचले, आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारली. आम्ही सांगितली. त्यांनी पेन्सिल मागून घेऊन ती आपल्या थोरल्या, वाकड्या अक्षरांत लिहिली आणि वही उशाखाली ठेवली.