खुंट जंगली, द्राक्ष कुलीन

उत्तर इटलीतल्या त्रेंतिनो प्रांतात वाल दी नोन नावाचं एक खोरं आहे, सफरचंदांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कोरेदो गावात, सुमारे १००० मीटर उंचीवरच्या एका छोट्या बागेतून 'विन दे ला नेउ' ही पांढरी वाइन निघते. स्थानिक बोलीत अर्थ 'बर्फाची वाइन'. मोजक्याच बाटल्या होतात, म्हणून ती दुर्मीळ. पण इथे तिचा विषय काढला तो तिच्या द्राक्षाच्या कुळीमुळे.

हे द्राक्ष योहानिटर. १९६८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये तयार केलेला संकरित वाण. त्याच्या एका बाजूला रीसलिंगसारखं खानदानी युरोपीय द्राक्ष, तर दुसऱ्या बाजूच्या पूर्वजांत अमेरिकी रानवेली. भुरी आणि केवडा यांच्याशी झुंजण्याची ताकद त्याला त्या रानवेलींकडून मिळाली. तुमच्यापैकी कुणी नाशिक-सांगलीकडचे असाल, तर हे दोन शब्द ऐकून शेतकऱ्याच्या पोटात कसा गोळा येतो ते तुम्हाला माहीत असेल.

मग ही 'खरी' वाइन म्हणायची का? युरोपचं उत्तर बराच काळ 'नाही' असं होतं. सर्वांत मानाच्या, संरक्षित प्रदेशनामाने विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये फक्त शुद्ध युरोपीय जातीची द्राक्षं चालत. २०२१ मध्ये युरोपीय संघाने नियम सैल केला, पण संकरित म्हटलं की अजूनही नाकं मुरडली जातात. याला थोडं कारणही आहे. जुन्या संकरित द्राक्षांना खरोखरच एक उग्र वास असे.

पण जरा जमिनीखाली पाहा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने आधी फ्रान्सच्या आणि मग युरोपभरच्या वेलींची मुळं खाल्ली. त्यावर उपाय सापडला तो कलमाचा: अमेरिकी वेलीचा खुंट, वर युरोपीय डोळा. आज युरोपातल्या बहुतेक कुलीन वेली परक्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडेही थॉम्पसन द्राक्ष 'डॉगरिज' या मूळच्या अमेरिकी खुंटावर बांधतात, कारण तो दुष्काळ आणि खारं पाणी सोसतो. या वेलींना कुणी बाटलेल्या म्हणत नाही. परक्याने खाली राबलेलं चालतं, नावात आलेलं चालत नाही.

आणि ही शुद्धता टिकवायला काय लागतं? फवारणी. पावसाळी वर्षात तर पुन्हा पुन्हा. सेंद्रिय शेती करणाराही तांब्यावर अवलंबून असतो, आणि तांबं मातीत साठत जातं. म्हणूनच युरोपात हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोंची मर्यादा घातली आहे. त्रेंतिनोच्या शेजारच्या दक्षिण तिरोलमध्ये माल्स गावाने २०१४ साली कीटकनाशकांविरुद्ध सार्वमत घेतलं, आणि मोठ्या बहुमताने बंदीला कौल दिला. तिथे प्रश्न सफरचंदाच्या बागांचा होता, पण वाऱ्यावर उडून येणारा फवारा कुंपण पाहत नाही, ही तक्रार द्राक्षालाही लागू आहे. लेबलवरच्या नावाचं सुख पिणाऱ्याला मिळतं. त्या नावाचा खर्च फवारणारा मजूर, शेजारचं घर आणि खालची माती भरते.

म्हणून मला वाटतं, शुद्धता हा स्वतःहून नैतिक गुण नाही. ती एक आवड आहे. तिची किंमत जोवर आपण स्वतः भरतो, तोवर ती खुशाल जपावी. दुसऱ्याच्या अंगावर ती पडू लागली की तिला जाब विचारावाच लागतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळ्यांनी संकरित लावलं, तर वाल दी नोनमधलंच ग्रोपेल्लोसारखं जुनं स्थानिक द्राक्ष कुठे जाईल? शतकानुशतकं जपलेली चव एकदा गेली की परत येत नाही. शिवाय बुरशीही बदलते, प्रतिकार कायमचा नसतो. या वेलींनाही थोडी फवारणी लागतेच. तेव्हा जुनं उपटा असं माझं म्हणणं नाही. जुनं जपा, पण त्याचा खर्च लपवू नका. आणि नव्याला केवळ मिश्र म्हणून पंगतीतून उठवू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही अमेरिकी आणि युरोपीय जातींच्या संकरातून एआरआय-५१६ हा रोगाला तोंड देणारा, रसाला उत्तम वाण काढला आहे. त्याची पारख रसावरून व्हावी, वंशावळीवरून नको.

माणसं म्हणजे वेली नव्हेत. माणसांच्या बाबतीत वाण आणि वंशाची भाषा वापरली गेली तेव्हा काय घडलं, हे इतिहासाने दाखवलं आहे. त्यामुळे ही उपमा मी फार ताणणार नाही. तिच्यातून एकच प्रश्न घेतो. परमुलखात राहणाऱ्या आपल्या घरांतही शुद्धतेचा आग्रह असतो: मुलांच्या मराठीचा, सणांचा, आणि सून-जावई 'आपल्यातले' असण्याचा. आपण इथल्या मातीवर पोसलेले आहोत, हे मात्र तेव्हा सोयीने विसरतो. उद्या तुमची मुलगी वेगळ्या कुळीतला जोडीदार घरी घेऊन आली, तर मनाविरुद्ध असलं तरी आधी एवढं पाहा: तुमच्या आग्रहाची फवारणी कोणाच्या अंगावर पडते आहे?