उचगावचे मंत्री

नोव्हेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई यांना महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचे समन्वयक मंत्री नेमलं. 2019 च्या डिसेंबरात हेच काम छगन भुजबळ आणि एकनाथ शिंदे यांच्याकडे होतं. बेळगावजवळच्या उचगाव फाट्यावरून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की बाचीच्या पुढे शिनोळीला महाराष्ट्र लागतो. उलट दिशेने यायला मात्र मंत्र्यांना जमलं नाही. 3 डिसेंबर 2022 चा बेळगाव दौरा 6 वर गेला, कर्नाटकच्या बोम्मई सरकारने येऊ नका म्हणून कळवलं, जिल्हाधिकाऱ्यांनी प्रवेशबंदीचा आदेश काढला आणि दौरा बारगळला.

उचगावला हाताशी लागेल असं मंत्रिपद आलं ते मे 2023 मध्ये, बेंगळूरहून. एकेकाळी उचगाव हाच मतदारसंघ होता. 2004 साली महाराष्ट्र एकीकरण समितीचे मनोहर किणेकर इथून निवडून गेले. 2008 च्या पुनर्रचनेत मतदारसंघ पुसला गेला आणि गाव बेळगाव ग्रामीणमध्ये आलं. तिथल्या काँग्रेसच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर सिद्धरामय्या मंत्रिमंडळात महिला व बालकल्याण मंत्री झाल्या. गृहलक्ष्मी योजना त्यांच्याच खात्याची, घरच्या कर्त्या बाईला महिन्याला 2000 रुपये. रेशनकार्ड आणि पासबुक घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला सीमाप्रश्नाचं काय झालं हे विचारायला उसंत नसते. हप्ता लांबला तर जाब कुणाला विचारायचा, हे तिला नेमकं ठाऊक असतं. मराठी मतांची किंमत हेब्बाळकरही ओळखून आहेत. निवडणुकीच्या तोंडावर, मार्च 2023 मध्ये राजहंसगडावर शिवरायांच्या एकाच पुतळ्याचं चार दिवसांत दोनदा अनावरण झालं. एकदा सरकारी, एकदा त्यांचं!

पण मंत्रिपद हात मोकळे करतं तसं तोंड बांधूनही टाकतं. फेब्रुवारी 2024 मध्ये दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं करणारं विधेयक याच सरकारने मंजूर करून घेतलं. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक; आत बसलेल्याला बाहेर येऊन वेगळं बोलता येत नाही. किणेकरांना सभागृहात हवं ते बोलता येत होतं, सही करायला फाईल नव्हती. समितीची माणसं सत्तेत गेली असती तर सगळं झालं असतं, असं म्हणणाऱ्यांनी हा सौदा नीट पाहिलेला नाही.

मग मुंबईच्या नेमणुकीचं काय? ती निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र बेळगावात त्या पदाची ना कचेरी, ना हुकूम चालण्याजोगा एक शिपाई. शिवाय उचगावच्या मतदाराला ना त्या मंत्र्यांना निवडता येतं, ना पाडता. म्हणून दौरा रद्द झाल्याची हळहळ मला फारशी वाटली नाही. दौरा हे त्या पदाचं सगळ्यात सोपं काम होतं. खरं काम दिल्लीत आहे: 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, त्याचे वकील, त्याची कागदपत्रं. पुढच्या समन्वयक मंत्र्याने बेळगावला येण्याची तारीख जाहीर करू नये. दर सहा महिन्यांनी खटल्याचा लेखी अहवाल पाठवावा, आणि तो उचगावच्या वाचनालयात ठेवावा.